भोकरदनची बाहुली आणि राळेचा साचा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. जालन्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे माझी भाची राहते. तिनं स्वयंपाकघराच्या ओट्याचा एक कोपरा रेझिनसाठी राखून ठेवला आहे. लग्नातल्या हारांची फुलं वाळवून ती पारदर्शक राळेत बसवायची, नावांच्या पाट्या करायच्या, किल्ल्यांना लावायचे लटकन करायचे. आधी तो छंद होता, आता थोडाफार व्यवसायही आहे. रेझिन आणि हार्डनर कुरिअरनं येतं, सिलिकॉनचे तयार साचेही तसेच येतात. पण ते साचे म्हणजे बदाम, फुलपाखरू, इंग्रजी अक्षरं आणि एक ठरावीक गणपती. पुण्यात तेच, पाटण्यात तेच. तिला काहीतरी जालन्याचं हवं होतं. माझ्या टेबलावर एका छोट्या पांढऱ्या बाहुलीचा फोटो तिनं पाहिला आणि विचारलं, "मामा, हिचा मोल्ड कुठं भेटंल?"

मी म्हणालो, "हिचा साचा विकत मिळत नाही."

हे अर्धसत्य होतं. त्या बाहुलीचा साचा माझ्याच कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २०११ पासून पडून होता आणि मी तो कोणालाही दाखवलेला नव्हता. त्या डब्याकडे मी येणारच आहे. पण ती बाहुली कुठली आणि कशी घडली, हे कळल्याशिवाय डब्यातल्या साच्याला काही अर्थ नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यातलं तालुक्याचं गाव भोकरदन हे मात्र दोन हजार वर्षांपलीकडचं. केळणा नदीच्या काठी वसलेल्या या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत इथल्या स्तूपांसाठी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. म्हणजे पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरच्या या गावात, शेकडो मैलांवरच्या स्तूपाला देण्याइतका पैसा आणि तेवढं दूरवरचं भान असलेली माणसं राहत होती. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि रा. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला.

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी नाही. बियाण्यांच्या एका दुकानात हिशेब लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. तो अहवाल मी पहिल्यांदा वाचला तो झेरॉक्सवर, निम्म्या शब्दांचे अर्थ शब्दकोशात बघत.

भोकरदनचं नाव जगातल्या पुस्तकांत जातं ते एका हस्तिदंती मूर्तीमुळे. उत्खननात तिचा खालचा भाग मिळाला, मध्ये स्त्री आणि दोन्ही बाजूंना सेविका. अशीच, पण पूर्ण मूर्ती १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, तेव्हा ही भारतीय बाई तिथल्या एका घरात होती. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेईची मूर्ती भोकरदनच्या बाजूला घडली का, हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. भोकरदनचा माणूस म्हणून माझा कल कुठं असेल हे वाचकांनी ओळखलंच असेल. पण आज मला बोलायचं आहे ते त्या हस्तिदंती राणीबद्दल नाही. तिच्याच काळात, त्याच गावात मिळणाऱ्या स्वस्त बाहुल्यांबद्दल बोलायचं आहे.

सातवाहन काळातल्या दख्खनच्या गावांतून, भोकरदन, पैठण, तेर, नेवासे आणि तिकडे तेलंगणात कोंडापूर, पांढऱ्या केओलिन मातीच्या आणि लाल भाजक्या मातीच्या लहान मूर्ती मिळाल्या आहेत. डोक्यावर भारी केशभूषा, कानात जड कुंडलं, गोल चेहरा. त्यांतल्या पुष्कळशा दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढच्या अंगाचा एक साचा, मागच्या अंगाचा दुसरा. ओली माती दोन्हींत बोटानं दाबायची, दोन अर्धुकं बाहेर काढायची, कडांना पातळ मातीचा लेप लावून ती जोडायची, शिवण पुसून टाकायची आणि भाजायची. आत पोकळ राहिल्यामुळे बाहुली हलकी होते, माती कमी लागते आणि भट्टीत तडकण्याची भीती कमी होते. ही रीत रोमन व्यापाराबरोबर आली असं बरेच अभ्यासक म्हणतात. रोमन नाण्यांची नक्कल तर इथं सरळसरळ होत होती. टायबेरियसच्या नाण्यासारखा ठसा असलेले, वर दोरा ओवायला भोक असलेले भाजक्या मातीचे लटकन तेर, नेवासे, कोंडापूर इथं मिळाले आहेत. ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, तो मातीचं गळ्यात घालत होता. माझी भाची किल्ल्यांचे लटकन करते, ते काही नवीन नाही.

संग्रहालयात गेलं की बाहुल्या काचेत मांडलेल्या दिसतात. साचा असलाच तर कोपऱ्यात. साच्याबद्दल आपली भाषासुद्धा फारशी चांगलं बोलत नाही. साचेबंद म्हटलं की शिवी, एकाच मुशीतून काढलेले म्हटलं की टवाळी. पण बाहुली घडवणाऱ्याची खरी अक्कल साच्यातच होती. बाहुली कोणीही मजूर दाबून काढील.

साच्यासाठी आयुष्यातली काही वर्षं खर्ची घातलेला एक मोठा माणूस मला माहीत आहे. बिरबल साहनी हे वनस्पतींच्या जीवाश्मांचे जगप्रसिद्ध संशोधक. १९३६ मध्ये हरयाणातल्या रोहतकजवळ खोकराकोटच्या टेकाडावर त्यांना भाजक्या मातीचे काही तुकडे दिसले. ते यौधेयांच्या नाण्यांचे साचे निघाले. चकत्या एकावर एक रचलेल्या, मधून धातू ओतायची वाट आणि तिला फुटलेल्या बारीक नळ्या. नाणी काढायला साचा फोडावाच लागे, म्हणून तुकडे हजारोंनी. साहनींनी त्यावर १९४५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नाणकशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता, हे वाचल्यावर माझ्यासारख्याला किती धीर आला असेल!

पुस्तकातून साचा कळत नाही, हे मला २००९-१० च्या सुमारास जाणवलं. हातानं करून बघायचं ठरवलं आणि साहित्य शोधत जालन्यात हिंडू लागलो. या शहरातल्या औद्योगिक वसाहतीत रोज भंगार वितळून त्याच्या सळया होतात, टनावारी ओतकाम चालतं. पण बोटभर बाहुलीचा साचा कुठं करायचा, हे सांगणारा तिथं कोणी नव्हता. उत्तरं मिळाली ती बाजारपेठेत.

पहिलं उत्तर सोनाराकडे. देवाचे टाक कसे होतात ते मी बघत बसलो. पितळी ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून तो ठोकायचा, खंडोबा उमटतो. ठसा त्यांच्या आजोबांचा होता. देव हजारो घरांत गेले आणि ठसा एकच राहिला. याच सोनारानं मला राळ दाखवली. नक्षी उठवताना पत्रा ज्यात रोवून ठेवतात ती, गरम केली की मऊ, गार झाली की दगड.

दुसरं उत्तर हलवायाकडे. पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठींचे सागवानी साचे बाहेर निघतात. दोरा मध्ये घालायचा, वरून पाक ओतायचा. दोन भाग एकमेकांवर तंतोतंत कसे बसवायचे, ओतायचं तोंड कुठं ठेवायचं, हवेला वाट कशी द्यायची, हे सगळं त्या लाकडात होतं. साचा आधी पाण्यात का भिजवता, असं मी विचारलं. हलवाई म्हणाला, "नाहीतर सोडत नाही." साचा सोडतो की नाही, हाच या विद्येतला मूळ प्रश्न. आजच्या रेझिनच्या बाटल्यांबरोबर साच्याला फासायचं द्रव्य वेगळ्या डबीत विकतात, ते त्या पाण्याचंच काम करतं.

तिसरं उत्तर दाताच्या डॉक्टरांकडे. कवळीचं माप घ्यायला ते अल्जिनेट वापरतात. समुद्री शेवाळापासून केलेली ही पूड पाण्यात कालवली की दोन-तीन मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. स्वस्त, निरुपद्रवी, पण काही तासांत सुकून आक्रसते, म्हणजे साचा एका दिवसाचा. गणपतीच्या कारखान्यात रबराचे साचे होते, बाहेरून टणक कवच आणि आत लवचीक कातडी. आणि एका ओताऱ्याच्या घरी मेणाचं काम पाहिलं. ते तर आपल्याकडे फार जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे थर देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायची कृती आहे. आधी मेण तोलायचं, चांदी हवी तर बारापट घ्यायची, सोनं हवं तर सोळापट. भाची डिजिटल काट्यावर दोन भाग रेझिन आणि एक भाग हार्डनर मोजते, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. तिचंही माप चुकलं तर वस्तू कधी वाळत नाही, बोटाला चिकटत राहते.

या भटकंतीतून एक गोष्ट कळली ती अशी की साचा आधी असतो आणि रूप नंतर. दोन भागांचा साचा सरळ उघडायचा असेल तर बाहुलीचा हात अंगापासून सुटा ठेवता येत नाही, तो अडकतो. म्हणून या बाहुल्यांचे हात अंगाला चिकटलेले, कुंडलं गालाला टेकलेली, केशभूषा पसरट. पॉम्पेईच्या हस्तिदंती बाईचा हात वळून मागे गेला आहे, दंड आणि अंग यांमध्ये मोकळी जागा आहे. ती कोरलेली आहे, ती साच्यातून निघूच शकत नाही. बाहुलीच्या अंगाला चिकटलेला हात मी अनेक वर्षं कलाकाराचा संकोच समजत होतो!

आता राळेबद्दल थोडं. रेझिन हा शब्द ऐकला की आपल्याला परदेशी बाटली दिसते, पण वस्तू आपल्या घरातलीच. शालवृक्षाची राळ आणि पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किड्यानं केलेली लाख. आमच्या शेजारच्या बिदरला बिदरी भांडी ओतायचा जो साचा करतात, त्याच्या मातीत एरंडेल आणि राळ मिसळतात. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग, असा तो धातू. लाखेचा प्रवास तर आणखी लांबचा. गाण्याच्या जुन्या तबकड्या लाखेच्या होत्या, साच्यात दाबलेल्या. ही लाख महाग आणि अपुरी पडू लागली म्हणून अमेरिकेत लिओ बेकलंड तिला पर्याय शोधत होता. त्यातून १९०७ मध्ये बेकेलाइट निघालं, पूर्णपणे कृत्रिम अशी पहिली राळ. पुढे १९३० च्या दशकात पिएर कास्तान यानं स्वित्झर्लंडमध्ये दातांच्या कामासाठी एपॉक्सी राळ शोधली, आणि तिचंच एक रूप अरल्डाइट म्हणून आपल्या घरातल्या ड्रॉवरमध्ये येऊन बसलं. पळसावरचा किडा आणि भाचीच्या ओट्यावरची बाटली यांच्यात अंतर एवढंच.

पण राळेचा आणि लाखेचा दुसराही इतिहास आहे. तो भोकरदनपासून जवळच, अजिंठ्यात घडला. चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात चित्रांवर वॉर्निश चढवलं. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी केलेल्या कित्येक नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. नकला जळाल्या, मूळ चित्रांवर वॉर्निश राहिलं. पुढे १९२० मध्ये निजाम सरकारनं इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचा थर दिला. तोही कालांतरानं पिवळा पडला. त्यांनी पुष्कळ चित्रं भिंतीवर टिकवून धरली, हेही तितकंच खरं. हेतू सगळ्यांचाच चांगला होता.

सांचीचं उदाहरण जरा बरं. १८६९ च्या अखेरीस हेन्री हार्डी कोल नावाचा इंग्रज अधिकारी सांचीच्या पूर्व तोरणाचा साचा घ्यायला गेला. सुमारे तेहतीस फूट उंचीचं तोरण. प्लास्टर आणि जिलेटिन बैलगाड्यांवर लादून जबलपूरहून नेलं. जिलेटिन म्हणजे आपल्या सुताराच्या सरसाचाच भाऊबंद. वितळवून ओतलं की लवचीक होतं, कोरीवकामाच्या खाचांतून न मोडता सुटून येतं आणि पुन्हा वितळवता येतं. आजच्या सिलिकॉनचं काम तेव्हा हे करत होतं. त्या साच्यातून निघालेलं प्लास्टरचं तोरण लंडनला उभं राहिलं. ज्या स्तूपाला भोगवर्धनच्या लोकांनी दान दिलं, त्याची ही नक्कल. मूळ तोरण आज जागेवर आहे. दगड होता म्हणून बरं. माझ्या हातून जे झालं ते मातीचं होतं.

२०११ च्या उन्हाळ्यात भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे मला ती बाहुली दिसली. कधीकाळी नांगराला लागलेली, देवघरात ठेवलेली, कपाळाला हळदकुंकू. पांढऱ्या केओलिनची, माझ्या तर्जनीएवढी. पूर्ण नव्हे, नुसतं पुढचं अर्धुक. शिवणीवर फुटून मागचा भाग गेलेला. त्यामुळे आतली बाजू उघडी होती आणि तिथं, पोकळीत, दाबणाऱ्याच्या बोटांचे खड्डे स्पष्ट दिसत होते. मला चेहऱ्यापेक्षा त्या खड्ड्यांनी वेड लावलं. जुन्या वस्तूंची नोंदणी करावी लागते, १९७२ चा कायदा आहे, हे मी त्यांना सांगितलं, अर्जही मीच भरून दिला. आणि मग आजींना विनंती केली की चार दिवस बाहुली द्या, मी तिचा साचा घेतो.

सिलिकॉन मी पहिल्यांदाच मागवलं होतं. बाटलीवर लिहिलं होतं की ते कशालाही चिकटत नाही. सोनाराचं, हलवायाचं सगळं ऐकूनही मी त्या एका ओळीवर विश्वास ठेवला आणि बाहुलीला मध्ये कोणताही थर न देता तिच्यावर सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा सोलला तेव्हा ठसा अप्रतिम उमटला होता, बोटांच्या रेषांसकट. पण सिलिकॉनमधलं तेल केओलिनच्या छिद्रांत उतरलं होतं. दुधासारखी पांढरी बाहुली अर्ध्या चेहऱ्यावर तेलकट, करडी पिवळी झाली होती. आणि डाव्या कानाजवळचा तांदळाच्या कण्याएवढा पापुद्रा साच्यातच राहून गेला होता. ते तेल निघत नाही. मी नंतर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हेच सांगितलं, काहीही लावू नका, आहे ते वाढेल. सच्छिद्र वस्तूवर आधी पुन्हा काढता येईल असा पातळ संरक्षक थर द्यावा लागतो, आणि तो कोणता ते ठरवायला संवर्धकच लागतो, हे ज्ञान मला त्यानंतर झालं.

बाहुली परत करताना मी खरं ते सांगितलं. आजींनी ती हातात घेतली, पदरानं पुसली, पुन्हा पाहिली. म्हणाल्या, "घामेजली की रे. उन्हातान्हाचं नेलंस." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर मी त्या साच्यात रेझिन ओतलं, खडूची पूड घालून. बाहुली निघाली, कानाजवळचा तो खरा पापुद्रा राळेनं धरून घेतला आणि तो नकलेत येऊन बसला. चहाच्या पाण्यानं आणि मातीनं मी तिला थोडी जुनी केली, निव्वळ हौसेनं. आठवड्यानं जुनी नाणी आणि तांब्या-पितळेची मोड घेत फिरणारा एक माणूस दारात आला. त्याची नजर टेबलावर गेली. त्यानं बाहुली उचलली, वजन घेतलं, कानाजवळ नख लावून पाहिलं, म्हणजे नेमकं खऱ्या मातीवर, आणि काही न विचारता पाचशेच्या नोटा काढून ठेवल्या. "आणखी असतील तर सांगा." मी पैसे परत दिले आणि नक्कल आहे म्हणून सांगितलं. तो हसला. त्याचा विश्वास बसला नाही, की त्याला फरक पडत नव्हता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी साचा आणि ती बाहुली दोन्ही बिस्किटांच्या डब्यात गेली.

डब्यात का, याचं उत्तर मला हळूहळू सापडलं आणि ते मातीतच होतं. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, ढोबळमानानं दहा टक्क्यांच्या आसपास. भाजलेल्या बाहुलीवरून कुणी मातीचा साचा घेतला, तर तो साचा सुकताना लहान होतो आणि त्यातून निघालेली बाहुली आणखी लहान. मूळ शंभर असेल तर साचा नव्वद, बाहुली एक्याऐंशी. पुन्हा तिच्यावरून साचा घेतला तर पुढची पासष्टच्या घरात. प्रत्येक पिढीत चेहरा बुजत जातो. ग्रीक बाहुल्यांच्या अभ्यासकांनी अशी मापं घेऊन कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे लावलं आहे. म्हणजे मातीची नक्कल स्वतःच सांगते की मी नक्कल आहे, आणि कितव्या हाताची तेही सांगते. सिलिकॉन आणि एपॉक्सी मात्र जवळपास आक्रसत नाहीत. केसागणिक, रेषेगणिक तीच वस्तू, त्याच मापाची. भोकरदनच्या त्या कुंभाराला जे जमलं नसतं ते ओट्याच्या कोपऱ्यात चोवीस तासांत जमतं, आणि नक्कल ओळखू येण्याची जबाबदारी वस्तूकडून ओतणाऱ्याकडे येते.

या आक्रसण्यानं मला आणखी एक गोष्ट दिली. त्या बाहुलीच्या पोकळीतल्या खड्ड्यात माझी करंगळीसुद्धा नीट बसत नाही. मी आधी समजलो होतो की दाबणारं मूल असावं किंवा नाजूक हाताची बाई. पण खड्डाही मातीबरोबर दहा टक्के लहान झालेला आहे. हिशेब करून पाहिला तर बोट मोठ्या माणसाचं निघू शकतं. बाई की पुरुष, ते खड्डा सांगत नाही. मूल असल्याची माझी गोड कल्पना मात्र मला सोडून द्यावी लागली.

भाचीनं विचारलं तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं आणि डबा उघडला. सिलिकॉन चौदा वर्षांनीही लवचीक होतं. ती बराच वेळ साचा उलटसुलट करत होती. मग म्हणाली, "मामा, पण मी रंगच दिला नाही तर? नुसती काचेसारखी ओतली तर कोण जुनी म्हणंल?"

इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. खरं तर सुचायला हवं होतं, कारण पॉम्पेईच्या शेजारीच तसं झालेलं आहे. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलेल्या माणसांची शरीरं कुजून गेली, पण कडक झालेल्या राखेत त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. म्हणजे राखच साचा. १८६३ पासून जुझेप्पे फियोरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतून ती माणसं पुन्हा उभी केली. पण प्लास्टरमध्ये आतली हाडं, दागिने झाकले जातात. म्हणून १९८४ मध्ये ओप्लोंतिस इथं सापडलेल्या एका पोकळीसाठी पारदर्शक एपॉक्सी राळ वापरली गेली. ती बाई आरपार दिसते. तिची हाडं, तिच्याजवळच्या वस्तू, सगळं आतमध्ये जागच्या जागी.

ओतायच्या आधी आम्ही दोघं भोकरदनकडे गेलो. आजी आता नाहीत. सूनबाईंनी बाहुली देवघरातून काढून दाखवली. डाग वाढलेला नाही, कमीही झालेला नाही. साच्यातून बाहुल्या काढाव्यात का, असं भाचीनं त्यांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे गावाचं नाव टाकायचं, आणि दुसरी, पायपुसण्यात किंवा चपलेच्या दुकानात दिसली नाही पाहिजे. दुसऱ्या अटीची हमी कशी द्यायची, यावर आम्ही परतीच्या एसटीत बोलत होतो. भाची म्हणाली, मोजक्याच काढायच्या आणि कोणाला दिल्या ते लिहून ठेवायचं.

पहिली बाहुली माघात निघाली. आतमध्ये पोकळीच्या बाजूला तिनं कागदाची बारीक पट्टी बसवली आहे, 'भोकरदन' आणि साल. थंडीमुळे राळ दाट झाली होती आणि कुंडलाजवळ दोन बुडबुडे राहिले. ते काढू नकोस, असं मी तिला सांगितलं. बोटांचे खड्डे काचेतून पुढूनही दिसतात, चेहऱ्याच्या आत.

डब्यातली जुनी, चहानं रंगवलेली नक्कल मी महाशिवरात्रीच्या सुमारास त्या घरी नेऊन दिली. तिच्या कानाजवळचा पापुद्रा त्यांचा होता. सूनबाईंनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि दोन्हींना कुंकू लावलं. राळेवर कुंकू ठरेना, घसरून खाली आलं. त्यांनी बोट पाण्यात बुडवून पुन्हा लावलं.